कापडाची पडवी

मराठी मुलखातील जुन्या घराला पुढच्या अंगास एक पडवी असे. मुख्य छपराचे पाखे थोडे पुढे लांबवावे, त्याला दोन-तीन खांबांचा टेकू द्यावा आणि खालची जमीन शेणाने सारवावी, एवढाच तिचा थाट. पडवीला छप्पर असे, पण दार नसे. उन्हाने शिणलेला वाटसरू तेथे घटकाभर विसावे. पावसात सापडलेला परका तेथे सर ओसरण्याची वाट पाही. आणि घरातील आजी तेथेच बसून वाती वळता वळता आल्यागेल्याची विचारपूस करी. माजघरात कोणाला न्यावे हे घरधनी ठरवी. पडवीत कोणी बसावे हे मात्र ऊन आणि पाऊस ठरवीत.

पुण्याच्या वायव्येस पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या परिसरात पूर्वी अशा पडव्यांची अनेक खेडी होती. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधनिर्मितीचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शिवारांत धुराडी व यंत्रशाळा दिसू लागल्या. पुढे कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकणही मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली. आधी चाळी झाल्या, मग वसाहती, मग उंच इमारती. घरात नळ आला, वीज आली, पक्की भिंत आली. पडवी तेवढी राहून गेली. दार उघडले की जिना, आणि जिन्यापलीकडे दुसऱ्याचे बंद दार, अशी घरांची रचना झाली.

तथापि याच कारखान्यांच्या पट्ट्याच्या एका बाजूस देहू आहे आणि दुसऱ्या बाजूस आळंदी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते व दुसऱ्याच दिवशी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची. देहूचा सोहळा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला, असे मानले जाते. लाखो माणसे सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरीस जातात, ती ऐन पावसाळ्यात. हे चालते गाव रोज संध्याकाळी नव्या माळावर उतरते आणि रोज पहाटे उठून पुढे जाते. त्याला घरे नसतात. राहुट्या असतात, तंबू असतात, गाड्यांना बांधलेल्या ताडपत्र्या असतात. आळंदीच्या सोहळ्यात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आजही मानाने चालतात. अशा मोठ्या मानाच्या वस्तूंबरोबरच लहानसहान दिंड्यांची साधी कापडी छपरेही वारीच्या संसाराचा भाग असतात. अशाच एका छपराची ही हकिकत आहे.

चिंचवडमधील एक आजोबा एका कारखान्यात चौतीस वर्षे जोडारी करून निवृत्त झाले होते. त्यांच्या गावच्या माणसांची एक छोटी दिंडी होती, आणि तिचे सामान वाहण्यासाठी एक जुनी मेटाडोर गाडी होती. आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्यात ही गाडी १९६९ पासून तयार होऊ लागली. त्या कारखान्याने मराठी भाषेला दोन शब्द दिले. कोणत्याही छोट्या मालगाडीला लोक ‘टेंपो’ म्हणू लागले आणि कोणत्याही पेटीसारख्या गाडीला ‘मेटाडोर’. आता ती गाडी तयार होत नाही. परंतु आजोबांनी आपल्या हातांनी तिचे यंत्र उलगडून, स्वच्छ करून, पुन्हा जुळवून तिला चालती ठेवली होती. तिच्यात भांडी, पीठमीठ, अंथरुणे आणि दिंडीचा वीणा ठेवण्याची पेटी, असा सारा संसार मावत असे.

गाडी होती, पण गाडीला पडवी नव्हती. मुक्कामी पोहोचल्यावर बाजारातून आणलेली एक निळी प्लास्टिकची ताडपत्री टपाला बांधून तिचे दुसरे टोक दोन काठ्यांवर उचलून धरीत. आदल्या वर्षी बारामतीच्या अलीकडे रात्री वारा सुटला. ताडपत्रीच्या कोपऱ्यातील कडी कापडासकट निखळली, साचलेले पाणी एकदम खाली आले आणि आठही वृद्ध स्त्रिया अंथरुणांसह भिजल्या. त्यांत आजोबांची थोरली बहीण होती. सारेजण तिला आक्का म्हणत. तिला ताप भरला आणि अर्ध्या वाटेवरून तिला परत आणावे लागले. सत्तावीस वर्षांत तिची वारी प्रथमच चुकली. ती काही बोलली नाही. परंतु पुढच्या ज्येष्ठात तिने तुळशीची माळ काढून पुसली आणि पुन्हा पेटीत ठेवून दिली. तेव्हा आजोबांनी ठरवले की, या वर्षी बाजारची ताडपत्री न्यायची नाही; घरी जाड सुती कॅनव्हास आणून टिकाऊ छप्पर शिवायचे.

आजोबांना लोखंडाची भाषा येत होती, कापडाची येत नव्हती. ती आजींना येत होती. त्यांनी पायाने चालवायच्या शिलाई यंत्रावर आयुष्यभर शेजारपाजारच्यांचे कपडे शिवले होते. कॅनव्हास घरी येताच आजोबा मोजपट्टी आणि कात्री घेऊन बसले. पण आजींनी कात्री उचलून बाजूला ठेवली.

“अहो, आधी कापड भिजू द्या. सुती कापड पाण्यात आखडतं. आज मापात कापाल आणि पहिल्या पावसात ते तुमचं माप मोडेल.”

पंधरा वार कापड रात्रभर पाण्यात राहिले आणि दोन दिवस गच्चीवर वाळले. पुन्हा मोजले तेव्हा दर वारामागे सुमारे दीड इंच कमी भरले. म्हणजे एकूण जवळजवळ दोन फूट कापड पाण्याने आधीच मागून घेतले होते. रुंदी मात्र बरोबर ३६ इंच भरली.

मग नात वही घेऊन बसली. गाडीच्या टपाच्या कडेला पावसाचे पाणी वाहून नेणारी एक बारीक पन्हळ असते. छप्पर तिच्यालगत बांधायचे होते आणि त्यासाठी ११ फूट, म्हणजे १३२ इंच रुंदीचे कापड हवे होते. ३६ इंची चार पट्टे जोडले तर १४४ इंच होतात.

“आजोबा, बारा इंच उरतात. त्याची मला दप्तराची पिशवी करून द्या.”

आजी हसल्या. “आणि शिवण कुठून येईल, बाळ? ती काय हवेत घालायची?”

आजींनी तिला हिशेब मांडून दाखवला. चार पट्ट्यांना तीन जोड लागतात आणि प्रत्येक जोडात दीड इंच कापड जाते. झाले साडेचार इंच. दोन्ही बाजूंच्या कडा दुहेरी दुमडायला दोन-दोन इंच, झाले चार. असे साडेआठ इंच शिवणीतच मुरतात आणि हातात उरतात फक्त साडेतीन. नातीने वहीत ते आकडे लिहिले आणि पिशवीचा विचार सोडून दिला. जोडायचे म्हटले की प्रत्येक तुकड्याने आपले थोडे द्यावेच लागते, हे गणिताच्या पुस्तकात निराळे सांगितलेले नव्हते.

पट्टे आडवे जोडायचे की उभे, हा पुढचा प्रश्न होता. शिवण आडवी आली तर उतारावरून येणारे पाणी प्रत्येक जोडाशी अडखळते आणि टाक्यांतून आत झिरपते. म्हणून शिवणी गाडीकडून बाहेरच्या कडेकडे, पाण्याच्या वाटेनेच जातील अशा उभ्या घेतल्या. जोडही साधा नव्हता. एका पट्ट्याची कड थोडी बाहेर ठेवायची, ती दुसऱ्याच्या कडेवर दुमडायची, आणि सारे सपाट दाबून दुसरा टाका घालायचा. अशा जोडात कापडाची कच्ची कड कोठेच उघडी राहत नाही आणि ताण दोन ओळींत वाटला जातो. जाड कापडाला टाचण्या टोचून तात्पुरते जोडण्यास आजींनी मनाई केली. कारण सुईचे प्रत्येक नको असलेले भोक म्हणजे पावसाला दिलेले निमंत्रण. त्यांनी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून पट्टे धरून ठेवले.

गाडीकडच्या आणि बाहेरच्या कडेला कापड दुमडून रुंद नेफा केला. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवावी त्याप्रमाणे त्यांतून जाड दोर ओवायचा होता. त्यामुळे ताण एका बिंदूवर न येता साऱ्या कडेवर पसरणार होता. आदल्या वर्षीची ताडपत्री याच ठिकाणी फसली होती. तिच्या पातळ कोपऱ्यात केवळ एक कडी ठोकलेली होती आणि वाऱ्याचा सारा जोर त्या एका कडीवर आला होता. या वेळी प्रत्येक कोपऱ्याला उरलेल्या कापडाचे त्रिकोणी ठिगळ आतून आणि बाहेरून लावले. तेथे कापडाचे इतके थर झाले की, यंत्राची सुई अडू लागली. तेव्हा आजोबांनी यंत्राचे चाक हाताने एक-एक टाका फिरवले आणि शेवटचे टाके मेण लावलेल्या दोऱ्याने, दाभणाने घातले. पितळी कड्या त्यानंतर बसवल्या.

ज्या पांडुरंगाच्या वाटेसाठी ही शिवण चालली होती, त्याचे थोर भक्त संत नामदेव हे शिंपी कुळात जन्मले होते. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आदराने ठेवलेली आहेत. आजी शिवताना त्यांचा अभंग गुणगुणत. आजोबा मात्र गप्प बसून पाहत. लोखंडाचा तुकडा मापाबाहेर गेला तर कानशीने घासून मापात आणता येतो, हे त्यांना ठाऊक होते. कापडाला मात्र आधीच सैलपणा द्यावा लागतो. ते अगदी ताठ शिवले तर ताण येताच उसवते. ही विद्या त्यांना साठीनंतर शिकायला मिळाली.

कापड शिवून झाले, तरी ते अजून पाणी पिणारेच होते. आजींनी एक जुना उपाय केला. साबण किसून गरम पाण्यात विरघळवला आणि कापड त्यात बुडवून पिळले. नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवले. साबण आणि तुरटी एकत्र आली की, पाण्यात न विरघळणारा एक मेणकट पदार्थ धाग्याधाग्यात तयार होतो आणि तो पाण्याला दूर सारतो. शिवाय सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतील बारीक छिद्रे आपोआप बुजतात. म्हणून पहिल्या पावसात असे छप्पर थोडे ठिबकते व नंतर थांबते. मात्र ओल्या छपराला आतून बोट लावू नये. बोट लागले की पाणी त्या ठिकाणाहून वाट काढते.

वस्तीच्या मोकळ्या जागेत एका सकाळी छप्पर उभे राहिले. गाडीजवळ त्याची उंची सात फूट आणि नऊ फुटांवर बाहेरच्या कडेला साडेपाच फूट. आजोबांनी दोन्ही कोपऱ्यांचे बांबू एकाच उंचीचे कापले होते आणि पाणसळ लावून त्यांची बरोबरी तपासली होती. बाहेरची कड रेघेसारखी सरळ दिसत होती. शेजारच्या मुलांनी गच्चीवरून नळीने पाणी सोडले. पाणी उतारावरून आले, पण सरळ कडेपाशी थबकले. मधोमध कापड लवू लागले आणि तेथे एक तळे साचले. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत केवळ पाच सेंटिमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन पन्नास किलो होते. म्हणजे छपरावर एक माणूसच बसल्यासारखे. बांबू कुरकुरू लागले.

“अहो, एका कोपऱ्याचा बांबू वीतभर खाली घ्या,” आजी म्हणाल्या. “पाण्याला जायला एक वाट ठेवा.”

आजोबांना ते पटेना. डोळ्यांना सुंदर दिसणारी सरळ रेघ मोडायची कशी? तरी त्यांनी एक बांबू नऊ इंच कापला. छप्पर एका बाजूला किंचित कलले आणि सारे पाणी त्या कोपऱ्याकडे धावत जाऊन खाली ठेवलेल्या बादलीत धारेने पडू लागले. कापडावर थेंबही साचला नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. छपराला तिन्ही बाजू मोकळ्या होत्या आणि वारीतला पाऊस काही सरळ पडत नाही. आजोबांच्या मनात तिन्ही बाजूंना कनाती लावून बंद खोलीच करावी, असे होते. गेल्या वर्षीच्या रात्रीची आठवण त्यांना सोडत नव्हती. शिवाय मुक्कामाच्या गर्दीत परकी माणसे आत शिरतात, सामान तुडवले जाते, हेही होतेच. आठजणींसाठी शिवलेल्या छपराखाली आठजणींनाच नीट झोप मिळावी, यात गैर ते काय? ते विचारायला आक्काकडे गेले. तिने पुष्कळ वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली,

“अरे, गेल्या साली मी भिजले, तेव्हा मला उचलून कोणी नेलं ठाऊक आहे? शेजारच्या दिंडीतल्या बायांनी. त्यांनी आपल्या पालाची कनात वर केली, म्हणून मी आत गेले. तू तिन्हीकडून कनात लावशील, तर मी काही येत नाही.”

आजोबा घरी आले. जुन्या निळ्या ताडपत्रीचा जो भाग शाबूत होता, त्याची एकच कनात त्यांनी केली. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूस बांधण्यापुरती. बाकीच्या दोन बाजू मोकळ्या ठेवल्या. आणि सप्तमीला आक्का गळ्यात माळ घालून गाडीपाशी उभी होती.

देहूहून निघालेली पालखी दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात उतरते. जेथे ती गाडी अनेक वर्षांपूर्वी जन्मली, त्याच आकुर्डीत तिला प्रथमच पडवी फुटली. कारखान्यातून सुटलेले कामगार थांबून तिच्याकडे पाहत. पुढे पुणे, लोणी काळभोर आणि यवत हे मुक्काम कोरडे गेले. वरवंडच्या माळावर मात्र रात्री दहाच्या सुमारास ढग फुटले.

आजोबा कंदील घेऊन उठले आणि त्यांनी प्रथम तणावे सैल केले. सुती दोर ओला झाला की आखडतो, आणि घट्ट बांधलेला असेल तर जमिनीतील मेखाच उपटून काढतो. कनात वाऱ्याच्या बाजूला बांधली. शिवणींतून पाच-दहा थेंब ठिबकले आणि थांबले. खालच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली. आठजणी कोरड्या होत्या.

तेवढ्यात पलीकडची एक राहुटी कोसळली. अंधारातून एक बाई कडेवर मूल घेऊन आली. तिच्यामागून दोन म्हातारे, मग टाळ पदराखाली झाकून आलेल्या तिघीचौघी. कोणी विचारले नाही आणि कोणी नाही म्हटले नाही. आक्का उठून बसली व तिने आपले अंथरूण गुंडाळले. ते पाहून इतर सातजणींनीही आपली अंथरुणे गुंडाळली. निजण्यासाठी तेथे आठांची जागा होती. बसण्यासाठी बाविसांची निघाली. कोणीतरी हलक्या आवाजात हरिपाठ धरला. आजोबा स्वतः गाडीच्या पायरीवर, अर्धे आत आणि अर्धे पावसात बसून होते. रात्रभर त्यांची नजर त्या चार कोपऱ्यांवर होती. एकही कडी हलली नाही.

आषाढी एकादशीला दिंडी पंढरपुरात होती. आक्काने कळसाचे दर्शन घेतले. घरी परतल्यावर ती एवढेच म्हणाली, “पुढच्या साली ती कड आणखी दोन हात वाढव.”

मोठ्या नगरांत सर्वांना पडवीची घरे बांधता येणार नाहीत, हे खरे आहे. जागा थोडी, माणसे फार आणि प्रत्येकाला आपल्या दाराची गरज असतेच. परंतु पडवी ही केवळ लाकडामातीची नसते. आपल्या छपराची एक कड दुसऱ्यासाठी मोकळी ठेवायची, एवढा तिचा अर्थ आहे. तो तेरा-चौदा वार कापडातही शिवता येतो. मात्र त्यासाठी शिवण पक्की हवी. जे छप्पर स्वतःच्या माणसांनाही तोलू शकत नाही, ते परक्यांना काय आसरा देणार?

वारीहून आल्यावर ते छप्पर पुन्हा गच्चीवर पसरले गेले. सुती कापड ओलसर घडी करून ठेवले तर त्याला बुरशी लागते व धागा कुजतो. दोन दिवसांच्या उन्हानंतर नातीने त्याच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवले. एका कोपऱ्यात चार टाके उसवले होते. तिने कोणाला हाक मारली नाही. दोऱ्याला मेण लावले, दाभण घेतले आणि ती तेथेच उन्हात बसून ते टाके घालू लागली.